उंदरांच्या पिढ्या आणि स्त्री-वैज्ञानिकांची संघटना : डॉ. कमल रणदिवे यांच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात राजकीय चळवळी, समाजसुधारणा, शिक्षणप्रसार व साहित्य या क्षेत्रांतील स्त्रियांच्या कार्याची नोंद बऱ्याच प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्त्रीकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. तिची दखल घेतली गेली तरी ती प्रामुख्याने 'पहिली स्त्री' या स्वरूपात घेतली जाते. अशा नोंदीत गौरव असतो. परंतु ती स्त्री ज्या संस्था, साधने व अडचणी यांच्या मधून वाट काढत गेली, त्यांचे विवेचन क्वचितच आढळते. त्यामुळे व्यक्ती असामान्य ठरते आणि परिस्थिती मात्र अभ्यासाबाहेर राहते.

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (१९१७-२००१) या कर्करोग संशोधक म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या संशोधनाचा मुख्य आधार उंदीर व हॅमस्टर यांसारखे कृंतक प्राणी हा होता. दुसरीकडे, १९७३ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या प्रमुख संस्थापकांपैकी एक होत्या. त्यांच्या चरित्रात या दोन गोष्टी सामान्यतः स्वतंत्र परिच्छेदांत येतात : आधी विज्ञान, नंतर समाजकार्य. प्रस्तुत लेखात ही विभागणी तपासून पाहिली आहे. ज्या स्वरूपाचे विज्ञान रणदिवे यांनी केले, त्याच्या गरजांतून संस्थेविषयीची जी जाण लागते, तीच जाण संघटनेच्या कामातही दिसते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

उद्दिष्टे

१. डॉ. कमल रणदिवे यांच्या शैक्षणिक व वैज्ञानिक घडणीचा आढावा घेणे.
२. कृंतक प्राण्यांवरील त्यांच्या संशोधनाचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट करणे.
३. स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेची निर्मिती तत्कालीन संदर्भात समजून घेणे.
४. विज्ञानातील विविधतेचा प्रश्न मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने तपासणे.

परळ आणि उंदीर : ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईच्या विज्ञानेतिहासात उंदराचा प्रवेश शत्रू म्हणून झाला. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार केली व जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या सरकारी निवासस्थानात काम करू लागली. पुढे १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो असे मत मांडले होते. ते आरंभी स्वीकारले गेले नाही. १९०५ नंतर भारतातील प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत केलेल्या पद्धतशीर प्रयोगांनी या मताला बळकटी दिली. घराघरांत मेलेला उंदीर ही त्या काळी भीतीची खूण होती.

त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेल्या या रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा आकारास आणली. येथे उंदराची भूमिका बदलली. तो रोगाचा वाहक राहिला नाही. रोग समजून घेण्याचे साधन बनला. या बदलाच्या काळातच कमल रणदिवे या प्रयोगशाळेत आल्या.

शिक्षण आणि घडण

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. मुलामुलींनी सारखेच शिकावे असा वडिलांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. १८८४ साली स्थापन झालेल्या या शाळेने पुण्यातील मुलींच्या उच्च शिक्षणाची पायाभरणी केली होती. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे व डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र वेगळा निर्णय घेतला. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर काम करून १९४३ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केले.

१९३९ साली त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी झाला होता. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी संपादन केली. म्हणजेच त्यांच्या उच्च संशोधनाचा काळ हा विवाहानंतरचा आहे. त्या पिढीतील बहुसंख्य सुशिक्षित स्त्रियांचे शिक्षण विवाहापाशी थांबत असे, हे लक्षात घेता पती व कुटुंब यांच्या पाठिंब्याचे महत्त्व नाकारता येत नाही.

तत्कालीन वातावरणाची कल्पना यावी म्हणून येथे कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांचे उदाहरण घेता येईल. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवूनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश देण्यास संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून नकार दिला. कमलाबाईंनी तो निर्णय मान्य केला नाही. अखेर परिवीक्षेच्या अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. गुणवत्ता सिद्ध झाल्यानंतरही स्त्रीला आपली उपस्थिती वेगळी सिद्ध करावी लागत होती. रणदिवे यांना खानोलकरांसारखा मार्गदर्शक लाभला हा त्यांच्या वाटचालीतील निर्णायक भाग होय. मात्र चांगल्या मार्गदर्शकाची भेट ही योगायोगाची बाब राहिली, तर तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

उंदरांचे वाण आणि संशोधनाची शिस्त

कर्करोगाच्या अभ्यासात उंदराला स्थान मिळाले ते त्याच्या आनुवंशिक शुद्धतेमुळे. सख्ख्या भाऊ-बहिणींचा संकर सलग किमान वीस पिढ्या केल्यास त्या वाणातील सर्व उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. असा वाण हाती असला म्हणजे आहार, संप्रेरके, विषाणू किंवा रसायने यांचा परिणाम वेगळा करून पाहता येतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत असे अनेक वाण तयार झाले. काही वाणांच्या माद्यांत स्तनाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळे, तर काहींत तो क्वचितच होत असे. १९३६ साली जॉन बिटनर यांनी दाखवून दिले की, अधिक प्रवण वाणाची पिल्ले कमी प्रवण वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवली असता त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण घटते. दुधातून संक्रमित होणारा हा घटक पुढे विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

खानोलकर व रणदिवे यांचे आरंभीचे संशोधन या प्रश्नाशी निगडित होते. स्तनकर्करोगाची प्रवणता कमी-अधिक असलेल्या चार वाणांच्या उंदरांतील निरोगी स्तनग्रंथींची रचना त्यांनी तुलनात्मक पद्धतीने अभ्यासली व हा अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला. येथे विचाराची दिशा महत्त्वाची आहे. गाठ झाल्यानंतर तिचे वर्णन करणे ही विकृतिशास्त्राची जुनी पद्धत होती. रणदिवे यांनी गाठ होण्यापूर्वीच्या ऊतीकडे लक्ष दिले. रोग कोणाला होतो, याचे उत्तर रोगाच्या आधीच्या शरीरात शोधावयाचे, ही ती दृष्टी होय. आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध हा पुढे त्यांच्या कामाचा कायमचा विषय झाला.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगपेशींपासून 'हेला' ही जगप्रसिद्ध पेशीमालिका तयार झाली. त्या पेशी तिच्या संमतीविना घेतल्या गेल्या होत्या, ही गोष्ट बऱ्याच वर्षांनी सार्वजनिक चर्चेत आली. विज्ञानाला उपयोगी पडलेले शरीर कोणाचे आणि विज्ञानात स्थान कोणाला, हे दोन प्रश्न किती जवळचे आहेत याचे हे उदाहरण म्हणता येईल.

भारतात परतल्यावर रणदिवे पुन्हा मुंबईत रुजू झाल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी) त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्र व ऊतिसंवर्धन यांच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. संवर्धनासाठी लागणारी पोषक माध्यमे व अभिकर्मके केंद्रातच तयार करण्यात आली. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र व प्रतिरक्षाशास्त्र यांचे विभाग त्यांच्या पुढाकाराने आकारास आले. केंद्राच्या नावाने ओळखला जाणारा 'आयसीआरसी' हा उंदराचा वाण त्यांच्या संशोधनात वारंवार येतो. या वाणातील स्तनाच्या गाठींचे स्वरूप तसेच प्लीहा काढल्याने नर उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर होणारा परिणाम यांवर त्यांनी व सहकाऱ्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. सत्यवती सिरसाट यांच्यासारख्या स्त्री-संशोधकही याच केंद्रात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाचे काम करीत होत्या.

या संशोधनाच्या दैनंदिन बाजूकडे इतिहासकाराने दुर्लक्ष करू नये. उंदरांचा वाण एकदा तयार करून कपाटात ठेवता येत नाही. प्राणिगृहात रोज खाद्य-पाणी द्यावे लागते, पिंजरे स्वच्छ ठेवावे लागतात, प्रत्येक जोडीची व प्रत्येक वेताची नोंद ठेवावी लागते. एका पिढीची नोंद चुकली तर मागील सर्व पिढ्यांचे श्रम वाया जातात. असे काम एका बुद्धिमान व्यक्तीच्या बळावर चालत नाही. त्यास संस्थेचे सातत्य लागते. कोणी आजारी पडले, रजेवर गेले, निवृत्त झाले तरी काम सुरू राहील अशी व्यवस्था लागते.

हॅमस्टर आणि पानसुपारी

रणदिवे यांच्या संशोधनाचा दुसरा धागा भारतीय समाजाच्या एका सवयीशी जोडलेला आहे. तोंडाच्या कर्करोगाचे भारतातील प्रमाण खानोलकरांच्या लक्षात आले होते. तंबाखूचे चर्वण व धूम्रपान यांचा या रोगाशी असलेला संबंध सांघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ साली मांडला होता. परंतु रुग्णांच्या नोंदींवरून सुपारी, चुना, कात व तंबाखू यांपैकी प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अवघड असते, कारण खाणारा ते एकत्रच खातो.

यासाठी हॅमस्टर हा प्राणी उपयुक्त ठरला. त्याच्या गालांत अन्न साठवण्याची पिशवी असते. तिच्या अस्तरावर एखाद्या पदार्थाचा अर्क लावून दीर्घकाळ निरीक्षण करता येते. माणसाच्या गालात धरलेल्या विड्याशी हे साधर्म्य आहे. रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू यांवर असे प्रयोग केले व १९७६ मध्ये त्यांचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही, या विचाराला अशा प्रयोगांतून आधार मिळत गेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात सुपारीची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली. लग्नकार्यात, देवकार्यात व पाहुणचारात सुपारीला मान असलेल्या समाजात हा निष्कर्ष मांडणे सोपे नव्हते आणि आजही गावोगावी तो पुरेसा रुजलेला नाही.

कुष्ठरोगाच्या क्षेत्रातील कामाचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीपासून वेगळ्या केलेल्या जीवाणूचे संवर्धन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. या 'आयसीआरसी' जीवाणूपासून पुढे कुष्ठरोगप्रतिबंधक लस तयार झाली व दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी घेण्यात आली. १९८२ साली भारत सरकारने रणदिवे यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

१९७३ : संघटनेची स्थापना

१९७३ साली रणदिवे व त्यांच्या अकरा सहकारी यांनी मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. केंद्र सरकारने १९७१ मध्ये नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीचा अहवाल १९७४ साली आला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि त्याच वर्षी असीमा चॅटर्जी या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या पहिल्या महिला सर्वसाधारण अध्यक्ष झाल्या. संघटनेची स्थापना या घटनांच्या आधीची आहे. ती शासकीय प्रेरणेतून झालेली नव्हती. नोकरी करणाऱ्या स्त्री-वैज्ञानिकांच्या अनुभवातून झाली होती, हे येथे नमूद करावयास हवे.

संघटनेच्या कार्याचे स्वरूप पाहिले असता एक बाब ठळकपणे जाणवते. परिसंवाद, व्याख्याने व विज्ञानप्रसार यांबरोबरच नवी मुंबईतील वाशी येथील केंद्रात नोकरदार महिलांचे वसतिगृह, पाळणाघर, आरोग्यकेंद्र व ग्रंथालय अशा सोयी उभ्या राहिल्या. देशात इतर ठिकाणीही शाखा निघाल्या. एखाद्या विद्वत्सभेने पाळणाघर चालवावे, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु स्त्री संशोधन का सोडते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा बुद्धीच्या नव्हे तर वेळेच्या अभावात असते. प्रयोग अर्धवट सोडून घरी जावे लागणे, बाळंतपणानंतर परतण्याची वाट बंद होणे, परगावी राहण्यास सुरक्षित जागा नसणे, या कारणांनी जे खंड पडतात ते पुढे भरून निघत नाहीत. प्राणिगृहात सातत्याचे मोल जाणणाऱ्या संशोधिकेने संशोधिकांच्या आयुष्यातील सातत्यासाठीही संस्था उभारावी, यात विसंगती नाही. उलट एकच विचार आहे. सातत्याची जबाबदारी एकट्या व्यक्तीवर टाकू नये, ती संस्थेने उचलावी, हा तो विचार होय.

शासनाच्या धोरणात ही जाण उशिरा आली. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ च्या सुमारास सुरू झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे करणारी तरतूद मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये आली. संघटनेने ही गरज कितीतरी आधी ओळखली होती.

विविधतेच्या मर्यादा : मराठवाड्याचा संदर्भ

या इतिहासाचे मूल्यमापन करताना केवळ गौरवावर थांबणे योग्य ठरणार नाही. जीवशास्त्राचे अध्यापक असलेले वडील, हुजूरपागा, फर्ग्युसन, मुंबईतील संशोधन केंद्र आणि समजूतदार पती ही साखळी पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित मध्यमवर्गात उपलब्ध होती. १९३० च्या दशकात भोकरदनच्या मुलीला ती उपलब्ध नव्हती. भोकरदन तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. रणदिवे यांना पीएच.डी. मिळाली त्या वर्षी या प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठही नव्हते.

मागासलेपण हा प्रदेशाचा अंगभूत गुण नसतो, हे भोकरदनच्याच इतिहासावरून दिसते. प्राचीन भोगवर्धन हे व्यापारी मार्गावरील समृद्ध नगर होते. भारहुत व सांची येथील दानलेखांत येथील रहिवाशांचे उल्लेख आहेत आणि येथील उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. मध्यवर्ती असलेले स्थान पुढे परिघावर गेले ते ऐतिहासिक कारणांनी; आणि जे इतिहासाने घडते ते प्रयत्नांनी बदलताही येते.

म्हणून विज्ञानातील विविधतेचा विचार केवळ स्त्री-पुरुष प्रमाणापुरता मर्यादित ठेवता येत नाही. जात, प्रदेश, भाषा व आर्थिक स्थिती यांमुळे पडणारे अडथळे स्त्रीच्या बाबतीत एकावर एक साचत जातात. १९७३ च्या संघटनेचा मुख्य आधार नोकरीत प्रवेश मिळवलेली शहरी स्त्री हा होता. प्रवेशापूर्वीच गळणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचणे हे त्यापुढचे काम होते. रणदिवे यांना या बाजूची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. १९८९ च्या सुमारास त्यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला आणि संघटनेच्या माध्यमातून आदिवासी स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम केले. परदेशी गेलेल्या भारतीय संशोधकांनी परत येऊन आपले ज्ञान स्वतःच्या समाजासाठी वापरावे, असाही त्यांचा आग्रह असे.

तथापि, आदिवासी स्त्री ही अभ्यासाचा विषय होणे आणि ती स्वतः अभ्यासक होणे यांत अंतर आहे. ते अंतर कमी करण्याची जबाबदारी आज तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांवर येऊन पडते. विज्ञान शाखेत प्रवेश घेतलेली मुलगी पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचते की मध्येच विवाह होऊन थांबते, प्रात्यक्षिक संपल्यावर तिला गावाकडे जाणारी शेवटची बस मिळते की नाही, महाविद्यालयाचे वसतिगृह आहे की नाही, हे प्रश्न प्रशासनाचे मानले जातात. प्रस्तुत विवेचनाच्या प्रकाशात पाहता ते विज्ञानाचेच प्रश्न ठरतात.

निष्कर्ष

१. डॉ. कमल रणदिवे यांनी उंदीर व हॅमस्टर या कृंतक प्राण्यांच्या आधारे स्तन, रक्त व तोंड यांच्या कर्करोगाचा अभ्यास भारतात पायाभूत स्वरूपात उभा केला. त्याला आवश्यक असणाऱ्या प्रयोगशाळाही निर्माण केल्या.
२. त्यांच्या संशोधनाचे प्रश्न आंतरराष्ट्रीय होते, तसेच पानसुपारीसारख्या स्थानिक सवयीतूनही आलेले होते.
३. त्यांचे वैज्ञानिक कार्य व स्त्री-वैज्ञानिकांचे संघटन या परस्परपूरक बाबी असून दोहोंच्या मुळाशी संस्थात्मक सातत्याचा विचार दिसतो.
४. त्यांच्या यशामागील सामाजिक अनुकूलता सर्व स्त्रियांना व सर्व प्रदेशांना उपलब्ध नव्हती. त्यामुळे त्यांचे चरित्र अपवाद म्हणून गौरवण्यापेक्षा त्या अनुकूलतेचा विस्तार कसा करावा, या दृष्टीने अभ्यासणे अधिक उपयुक्त आहे.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जयंतीस, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले आणि अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. एखाद्या वैज्ञानिक स्त्रीचे नाव तिच्याच राज्यातील महाविद्यालयांत अशा मार्गाने पोहोचावे, ही बाब अभ्यासक्रमांकडे व इतिहासलेखनाकडे पुन्हा पाहण्यास भाग पाडते. मराठीतून होणाऱ्या विज्ञानेतिहासाच्या लेखनात प्रयोगशाळा, प्राणिगृह, वसतिगृह व पाळणाघर यांना एकत्र स्थान मिळाले, तर ही उणीव भरून निघण्यास प्रारंभ होईल.